आत्याचं नेमकं मागणं

आत्याला खोटं बोलता यायचं नाही. ऐकायला हे कौतुकाचं वाटतं, पण तिच्याबरोबर राहणाऱ्यांना विचारा! एकदा एक घरमालक निवाऱ्यातल्या एका जोडप्याला खोली द्यायला तयार झाला होता. दोघं कमावती, माणसं सरळ, सगळं जमत आलं होतं. जाता जाता त्याने आत्याला सहज विचारलं, "बाळ फार रडत तर नाही ना?" आत्या म्हणाली, "रडतं की. आख्खा मजला जागा करतं. फुफ्फुसं मोठी दणकट आहेत हो त्याची!" झालं! खोली गेली, आणि बाळाची आई आठवडाभर आत्याशी बोलली नाही. आत्याचं म्हणणं एवढंच, की त्याने विचारलं, मी सांगितलं, यात माझं काय चुकलं?

सख्खं भाचरू एकही नव्हतं तिला, पण ती सगळ्यांची आत्या. वय एकसष्ट, बांधा बुटका, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. जिन्यावर तो खुळखुळला की वरची मुलं पलंगावरच्या उड्या थांबवून शहाण्यासारखी बसायची. अठरा वर्षांपूर्वी ती स्वतःच इथे आली होती. नवरा जाऊन महिना झाला नाही तोच दिराने तिची ट्रंक फाटकाबाहेर ठेवली आणि वर म्हणाला, "वहिनी, राग मानू नका." नऊ महिन्यांसाठी म्हणून आली. तेवढ्यात आधीची व्यवस्थापक बाई आजारी पडली, किल्ल्या हिच्या हातात आल्या, त्या आल्याच.

निवारा म्हणजे प्रार्थनाघराच्या डोक्यावरचे दोन मजले. नऊ खोल्या, एक सामाईक स्वयंपाकघर, मागे अंगण. मंडळीतल्या, म्हणजे खाली प्रार्थनेला जमणाऱ्या लोकांनी चालवलेला. ज्यांची जागा सुटली, ज्यांना घरच्यांनी बाहेर काढलं, त्यांनी इथे नऊ महिने राहायचं, रोज सकाळी खाली प्रार्थनेला बसायचं, आणि तोवर स्वतःचं काहीतरी बघायचं. नऊ महिने म्हणजे नऊ. मंडळीचे अध्यक्ष त्याबाबतीत एक दिवस इकडचा तिकडे करायचे नाहीत, कारण खाली नेहमी कुणीतरी वाट बघत असायचं.

आता साखळीचं सांगायला हवं, कारण घात तिथेच झाला.

दर मंगळवारी सकाळी दहा वाजता आत्या ऑफिसातल्या फोनवरून पहिल्या घराला फोन लावायची आणि निवाऱ्यातल्या एका कुटुंबासाठी मागणं सांगायची. त्या घरातलं माणूस प्रार्थना करायचं आणि पुढच्या घराला फोन करायचं. ते त्याच्या पुढच्याला. अशी एक्केचाळीस घरं होती, पाच-सहा गावांत पसरलेली. सगळ्यात शेवटचं माणूस उलट आत्याला फोन करून सांगायचं, "पूर्ण झाली." कुणी नवीन आलं की त्याला शेवटी जोडायचं. ही साखळी आत्याने स्वतः बांधली होती, आणि तिचा तिला जो अभिमान होता तो ती लपवायचीही नाही.

नाव घ्यायचं नाही, हा साखळीचा नियम. पण त्यावर आत्याचा आपला एक नियम होता. देवाकडे गोलमोल मागायचं नाही. ती म्हणायची, "‘एका गरजवंताला मदत कर’ म्हटलं तर देवाने काय दारोदार पत्ता विचारत फिरायचं? काय हवं ते नीट सांगा." एका गुडघेदुखीवाल्या म्हाताऱ्यासाठी तिने तळमजल्यावरची, पूर्वेला खिडकी असलेली, जवळ दवाखाना असलेली खोली मागितली होती, आणि पंधरा दिवसांत तशीच्या तशी मिळाली. तेव्हापासून तर विचारूच नका. आत्याचं मागणं म्हणजे शिंप्याला माप दिल्यासारखं असायचं.

सहा नंबरच्या खोलीत एक बाई होती आणि तिची आठ वर्षांची मुलगी. बाई चष्मे दुरुस्त करायची, म्हणून सगळे तिला चष्मेवाली म्हणायचे. डाव्या हाताची दोन बोटं वाकायची नाहीत, तरी असा बारीक स्क्रू बसवायची की बघत राहावं. निवाऱ्यातल्या झाडून सगळ्यांचे चष्मे तिने सरळ करून दिले होते. अध्यक्षांचा चष्मा वर्षानुवर्षं नाकावरून घसरायचा, तोही तिने जागेवर बसवला. बोलायची कमी. दुपारी कधी आत्याजवळ बसली तर बसली. एकदा तिने आपण होऊन सांगितलं होतं, की बोटं नवऱ्याने कपाटाच्या खणात घालून खण बंद केला तेव्हाची आहेत, आणि मुलीच्या डाव्या कानाला ऐकू येत नाही तेही त्याच्याच हातचं.

"आरडाओरडा करत असेल ना फार?" आत्याने विचारलं होतं.

"नाही हो. आवाज कधी चढत नाही त्याचा. हळू बोलतो. जितका हळू बोलायला लागतो तितकी मला भीती वाटते." मग ती म्हणाली, "आत्या, आम्ही इथे आहोत हे कुणाला सांगू नका. कुणालाच."

"वेडी का काय! मी कशाला सांगतेय?" आत्या म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं होतं.

सात महिने गेले. दोन उरले. चष्मेवाली रोज जागा शोधत होती, आणि एकट्या बाईला मुलीसह खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. आज हो म्हणायचे, उद्या विचारायचे, "मिस्टर कुठे असतात?" आत्याचा जीव तुटायचा. सहा नंबरचा दिवस भरला की अध्यक्ष थांबणार नाहीत हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग एका मंगळवारी तिने फोन उचलला आणि पहिल्या घराला मागणं सांगितलं. एक बहीण आहे, डाव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत, तरी चष्मे दुरुस्त करून पोट भरते. आठ वर्षांची मुलगी आहे पदरात. आमच्या निवाऱ्यात आणखी दोनच महिने आहेत. तिला शाळेजवळ, आतून कडी असलेली एक खोली हवी.

नाव नाही घेतलं तिने. आणि ‘कुणालाच सांगू नका’ यात देव कसा येईल? साखळी तरी कशी येईल? ती तर घरची माणसं! आत्याच्या मनाला शंकासुद्धा शिवली नाही. आपण बाहेरून ऐकताना कपाळाला हात लावतो, पण अठरा वर्षं ज्या गोष्टीने माणसांचं भलंच झालेलं पाहिलं, तिच्याकडे कुणी संशयाने बघतं का?

दुपारी चारच्या सुमारास फोन आला. पुरुषाचा आवाज होता, मऊ, गोड, गाणाऱ्या माणसाचा असतो तसा.

"साखळी पूर्ण झाली, आत्या. मी नवीन आहे. दोन महिन्यांपूर्वी जोडला गेलो. अगदी शेवटचा."

"बरं झालं हो आलात," आत्या म्हणाली. "माणसं वाढायलाच हवीत."

"फार मनापासून प्रार्थना केली त्या मायलेकींसाठी. त्या लहानगीचा डावा कान आता कसा आहे? थोडं तरी ऐकू येतं का?"

"नाही हो, त्या कानाने अजून काहीच नाही," आत्या म्हणाली. "पण हुशार आहे पोर, ओठांवरून ओळखते."

"देव तिचं रक्षण करो," आवाज म्हणाला, आणि फोन ठेवला.

किती काळजी करणारा माणूस, असं मनाशी म्हणत आत्या वर निघाली. जिन्याच्या मधल्या पायरीवर ती थांबली. किल्ल्या थांबल्या. कानाचं आपण सांगितलंच नव्हतं. बोटं सांगितली, चष्मे सांगितले, वय सांगितलं. कान नव्हता सांगितला. ती कठडा धरून खाली बसली. आणि लगेच दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली, पहिलीपेक्षा वाईट. त्याला खात्री नव्हती. त्याने विचारलं, आणि खात्री तिने करून दिली.

ती तशीच उठून सहा नंबरला गेली. चष्मेवाली टेबलाशी बसून चष्म्याची एक काडी सरळ करत होती, मुलगी शेजारी गृहपाठ करत होती. आत्याने दार लोटलं आणि सगळं सांगितलं. आडवळण नाही, सारवासारव नाही. तिला तेही जमायचं नाही.

चष्मेवाली ओरडली असती तर आत्याला बरं वाटलं असतं. तिने फक्त चिमटा खाली ठेवला. "कितीला आला फोन?"

"आत्ताच. पाच मिनिटं झाली."

"आवाज हळू होता?"

"हो गं."

चष्मेवाली उठली. पलंगाखालून तिने दोन पिशव्या ओढल्या. त्या भरलेल्याच होत्या. सात महिने ती भरलेल्या पिशव्यांवर झोपत होती आणि आत्याला पत्ता नव्हता! मुलीने वही मिटली आणि न सांगता बूट घालायला लागली.

"पुन्हा?" तिने आईच्या तोंडाकडे बघत विचारलं.

"पुन्हा," आई म्हणाली.

"कुठे जाशील?" हे आत्याच्या तोंडून निघून गेलं, आणि तिने लगेच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. "नको. मला सांगू नकोस. मला कुणी विचारलं तर मी सांगून टाकेन. तू मला ओळखतेस."

"ओळखते," चष्मेवाली म्हणाली. मागच्या अंगणाच्या दाराशी ती क्षणभर थांबली. रडली नाही, रागावलीही नाही. आत्याचा हात हातात घेऊन म्हणाली, "आत्या, आमच्यासाठी आता प्रार्थना करू नका. मनातल्या मनात केली तर करा. पण कुणाला सांगून नको." आणि मायलेकी निघून गेल्या. दिवस अजून चांगला वर होता. आत्या दार लावून स्वयंपाकघरात आली आणि स्वयंपाकीणबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडली. स्वयंपाकीणबाई निवाऱ्यात बारा वर्षं होत्या. त्यांनी आत्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. प्रार्थनेच्या वेळेलाच. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात फळांची पिशवी, पायताणं बाहेर ओळीत नीट लावून ठेवलेली. शेवटच्या रांगेत बसला आणि गाणं सुरू झालं तसा गायला लागला. आवाज असा की पुढच्या रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या, आणि अध्यक्षांच्या पत्नीने तर डोळ्याला पदर लावला. तो आवाज आत्याने ओळखला होता.

प्रार्थना झाल्यावर तो अध्यक्षांसमोर हात जोडून उभा राहिला. आपण आपल्या मंडळीत गाणं शिकवतो, म्हणाला. आपल्या हातून चुका झाल्या, राग आवरला नाही, बायकोचं मन दुखावलं. वर्ष झालं, मुलीचं तोंड पाहिलेलं नाही. घर पुन्हा जोडायचं आहे, एवढीच इच्छा आहे. बोलताना त्याचे डोळे भरून आले होते. आता अध्यक्ष काही वाईट माणूस नव्हते बरं का. आयुष्यभर त्यांनी मोडलेली घरं जोडायचं काम केलं. कुणी पश्चात्ताप करत समोर उभं राहिलं की त्यांना दुसरं काही दिसायचंच नाही.

आत्याने त्यांना ऑफिसात गाठलं. बोटांचं सांगितलं, कानाचं सांगितलं.

"तो स्वतःच सांगतोय की चूक झाली," अध्यक्ष म्हणाले. "आपण क्षमा नाही करायची तर कुणी करायची? तुम्ही साखळीत मागणं द्या, आत्या. हरवलेल्या मायलेकी सापडाव्यात म्हणून. तुमची ती नेमकी पद्धत आहे ना, तसं."

"मी नाही देणार."

अठरा वर्षांत तिने त्यांना पहिल्यांदा नाही म्हटलं होतं. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ठीक आहे," ते म्हणाले. "आमच्या घरातून देतील." आणि त्याच दिवशी अध्यक्षांच्या पत्नीने साखळीला फोन लावला. बोटं, चष्मे, डावा कान, सगळं सांगितलं, आणि दिसल्यास कळवा असंही सांगितलं. एक्केचाळीस घरं कामाला लागली. आत्याला वाटलं, आपण अठरा वर्षं एक जाळं विणत होतो आणि त्याला आपण पाळण्याची झोळी समजत होतो.

त्याला राहायला जागा हवी होती. रिकामी खोली एकच होती. सहा नंबर.

मग पुढचे सहा दिवस तो निवाऱ्यात राहिला. सकाळी अंगण झाडायचा. स्वयंपाकघरातला वर्षभर गळणारा नळ त्याने दुरुस्त केला. बायकांना ताई म्हणायचा, नजर खाली ठेवून बोलायचा. आणि तरी दुसऱ्या दिवसापासून बायका दिवसासुद्धा आतून कड्या लावायला लागल्या. चार नंबरची म्हातारी, जी दार सताड उघडं टाकून घोरायची, तिनेसुद्धा दाराला खुर्ची लावली. तो मुलांना अंगणात गोळा करून गाणी शिकवायचा, चॉकलेटं द्यायचा, आणि हळूच विचारायचा, "तुमची मैत्रीण कुठल्या दाराने गेली रे? हातात काय होतं?" एका चिमुरड्याने मागचं दार दाखवलं. त्याने त्या दाराकडे बराच वेळ पाहिलं, मग पोराच्या डोक्यावरून हात फिरवला.

दुपारी तो ऑफिसात येऊन बसायचा. समोरच्या खुर्चीत, फोनपासून हातभर अंतरावर. "काही कळलं तर पहिल्यांदा तुम्हालाच कळणार ना, आत्या. माणसांना सवय तुमचीच आहे." खरंच होतं ते. मागणं अध्यक्षांच्या घरून गेलं असलं तरी लोकांच्या बोटांना नंबर आत्याचाच पाठ होता. फोन वाजला की ती एक घंटा जाऊ द्यायची आणि मग उचलायची. एकदा नळवाला निघाला, एकदा भाजीवाला. तो प्रत्येक वेळी तिच्या चेहऱ्याकडे बघत बसायचा.

"तुम्ही खोटं बोलत नाही म्हणे," एकदा त्याने चहा पिता पिता म्हटलं. "इथे सगळेच सांगतात. मला फार आवडतात अशी माणसं. माझी बायको खोटं बोलायची. साध्या साध्या गोष्टीत."

आत्याने हातातलं काम तसंच चालू ठेवलं.

सातव्या दिवशी दुपारी तीन वाजता फोन वाजला. तो समोर बसला होता. आत्याने उचलला.

"आत्या, सापडल्या!" पलीकडे साखळीतली बेकरीवाली होती, जवळच्याच गावातली, तासाभराच्या अंतरावरची. आनंदाने नुसती उकळत होती. "माझा चष्मा मोडला म्हणून डोळ्यांच्या दवाखान्याशेजारच्या दुकानात गेले, तर तीच हो! तीच दोन बोटं! मुलगी मागे बसली होती, हाक मारली तर वळली नाही. देवाने ऐकलं बघा! अध्यक्षांना मी कळवू की तुम्ही?"

त्याने कप खाली ठेवला होता. तो पुढे वाकला होता.

आत्याने आयुष्यात जे केलं नव्हतं ते त्या क्षणी केलं. कसं केलं तिचं तिला ठाऊक. आवाज नेहमीचाच होता, थोडा करडा.

"ती नव्हे हो," ती म्हणाली. "मी सात महिने रोज पाहिलंय तिला. तुम्ही सांगताय ती दुसरीच कुणीतरी. कुणाला सांगत बसू नका, अध्यक्षांनाही नको. उगीच एखाद्याच्या जिवाला आशा लागते. ठेवते."

बेकरीवालीने "असं होय" म्हटलं. तिचा उत्साह एकदम ओसरला. आत्या सांगते म्हणजे तसंच असणार, यात तिला काही विचारायचं नव्हतं. फोन ठेवला गेला.

"कोण दिसलं?" त्याने विचारलं. अगदी हळू.

एक खोटं बोलून भागत नाही, हे आत्याला तेव्हा कळलं. आता माघार नव्हती. "कुणीतरी दोघी दिसल्या म्हणे, डोंगरापलीकडच्या गावात. बस स्टँडवर. बोटं तशीच होती म्हणते. पण बाकी वर्णन जुळत नाही. ती नसावी असं मला वाटतं."

"पण असू शकते."

आत्याने थोडा वेळ घेतला. खरं बोलणारी माणसं घेतात तेवढाच. "असूही शकते," ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला. "चला तर मग. गाडी खालीच आहे. तुम्हीही चला, आत्या. मला बघून ती पळेल. तुम्हाला बघून थांबेल."

हे आत्याच्या हिशेबात नव्हतं. तिला वाटलं होतं, हा जाईल आणि आपण मागे मोकळ्या राहू. "मी कशाला?" ती म्हणाली. "मला इथली कामं आहेत."

"खोटं निघालं तर मला फार वाईट वाटेल," तो म्हणाला. आता त्याचा आवाज इतका खाली गेला होता की तिला कान द्यावा लागला. "म्हणजे त्या फोनवालीचं हो. तुमचं नाही म्हणत."

"पाण्याची बाटली भरून आणते," आत्या म्हणाली. "रस्ता लांबचा आहे."

स्वयंपाकघरात स्वयंपाकीणबाई भांडी घासत होत्या. आत्याने नळ मोठा सोडला, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये, आणि कमरेचा जुडगा सोडून त्यांच्या ओल्या हातात दिला. "बेकरीवालीला फोन करा. म्हणावं, ती तीच होती. त्या दुकानात आत्ताच्या आत्ता जा आणि तिला सांगा, ‘आत्या म्हणते, हे गाव सोड.’ दुसऱ्या कुणाला काही कळवायचं नाही. अध्यक्षांनाही नाही."

"आणि तुम्ही?"

"मी त्याला डोंगरापलीकडे नेतेय."

स्वयंपाकीणबाईंना समजायला वेळ लागला नाही. त्यांनी आत्याचा दंड धरला. "अहो, तिथे गेल्यावर काय? तिथे कुणीच नाही म्हटल्यावर त्याला कळेल ना! तुम्ही जाऊ नका हो. मी ओरडते, माणसं गोळा करते."

"माणसं गोळा होतील आणि तो हात जोडून रडेल," आत्या म्हणाली. "तुम्ही बघितलंय त्याचं रडणं. आणि मी नाही गेले तर त्याला इथेच कळेल, आत्ताच. मग तो तासाभरात तिच्या दारात असेल. सोडा मला. भीती वाटतेय, अजून बोललात तर पाय उचलणार नाहीत माझे."

स्वयंपाकीणबाईंनी हात सोडला. आत्याने बाटली भरली, नळ बंद केला. वळली तर तो दारात उभा होता. कधीपासून होता कोण जाणे.

"निघायचं?" तो म्हणाला.

किल्ल्या नसल्यामुळे जिना उतरताना आत्याच्या चालण्याचा काहीच आवाज होत नव्हता. वरच्या मुलांना ती गेल्याचं कळलंसुद्धा नाही. त्याने तिच्यासाठी गाडीचं दार उघडलं, ती बसल्यावर हलकेच लावलं, वळसा घालून स्वतः बसला. त्याने एक बटण दाबलं आणि चारही दारं खट्कन आतून बंद झाली. गाडी स्वच्छ होती. मागच्या सीटवर लहान मुलीचा एक नवा कोट होता, किमतीची चिठ्ठी अजून तशीच.

आत्याने मांडीवर बाटली घट्ट धरली. बेकरीवालीला फोन लागला असेल का? तिला दुकानात पोचायला किती वेळ लागेल? चष्मेवालीच्या पिशव्या भरलेल्या असतील, नक्की असतील. मायलेकींना बस गाठून चांगलं लांब जायला किती तास हवेत?

गाडी फाटकाबाहेर पडली आणि चौकात सिग्नलला थांबली.

"दोन रस्ते आहेत ना तिकडे जायला?" त्याने विचारलं.

"दोन आहेत. हायवेने दोन तास. घाटातून गेलं तर चार."

"मग कुठून जायचं, आत्या?"

आत्याने समोर बघितलं. सिग्नल हिरवा झाला होता.

"घाटातून घ्या," ती म्हणाली.